वकीलपत्र न घेण्याचा ठराव मागे घ्या : आमच्या तालुका वकील संघाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
तालुका वकील संघ

स. न. वि. वि.

मी आपल्याच कोर्टातला निवृत्त कर्मचारी. नोकरीतली बरीच वर्षं फौजदारी टेबलावर गेली. रिमांडचे कागद, रोजनामे आणि आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या सह्या मला अजून लांबून ओळखता येतात. निवृत्तीनंतरही कोर्टाकडे चक्कर होतेच. कधी कुणाचा अर्ज लिहून द्यायला, कधी नुसतीच चहाला. गावाचं आणि संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना उद्देशून लिहितोय त्यांना ते माहीत आहे.

जागलीवरच्या खुनानंतर आपण ठराव केला, की या गुन्ह्यातल्या आरोपींचं वकीलपत्र तालुक्यातला एकही वकील घेणार नाही. तो ठराव मागे घ्यावा अशी माझी विनंती आहे. त्याच्या जागी दुसरा एक ठराव करता येईल असंही वाटतं, पण ते पुढे लिहितो.

खून वाईटच झाला. रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत म्हणून सत्तरीतला म्हातारा कास्तकार थंडीत मचाणावर जागलीला जातो, आणि मोटारीची केबल चोरायला आलेले लोक त्याला मारून टाकतात, हे ऐकून कुणाचंही रक्त तापेल. मयत माणूस आपल्या एका सभासदाचा चुलता होता. बार रूममध्ये शोकसभा झाली, त्याच सभेत ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापून आला. गावात आपली वाहवा झाली, हेही मी पाहिलं. दुःखात केलेल्या ठरावाबद्दल तेव्हा कुणी बोललं नाही, ते समजण्यासारखं आहे. आता मात्र बोलायला हवं, कारण दरम्यान त्या ठरावाचं काम सुरू झालंय.

पारध्यांच्या वस्तीवरून, म्हणजे बेड्यावरून, तिघांना उचललं आणि कोर्टात हजर केलं, त्या दुपारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. तोंडावरची काळी फडकी काढली तेव्हा दिसलं, तिसऱ्याला मिसरूडही फुटलेली नव्हती. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, वकील आहे का? तिघांनी एकमेकांकडे आणि मग हवालदाराकडे पाहिलं. साहेबांनी मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीला पत्र द्यायला सांगितलं. पत्र गेलं. पण समितीच्या पॅनेलवरचे वकील म्हणजे आपणच, आणि ठराव त्यांनाही लागू. कुणी आलं नाही. मग नेहमीचा प्रश्न, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? माना हलल्या. त्या ‘नाही’ म्हणून हलल्या की प्रश्नच कळला नाही म्हणून, हे मला अजून सांगता येणार नाही. रोजनाम्यात मात्र ‘तक्रार नाही’ असं आलं. सरकारी वकिलांनी जप्ती बाकी आहे, साथीदार शोधायचे आहेत असं सांगितलं आणि पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मंजूर झाला. सगळं मिळून एक कप चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

बाहेर झाडाखाली एक बाई बसली होती. तिने मला कोर्टाचा माणूस समजून विचारलं, ‘‘साहेब, वकील भेटत नाही म्हन्तेत, खरं हाय का जी?’’

आपल्यातले काही जण म्हणतील, पहिल्या रिमांडला वकील असून काय फरक पडतो? पीसीआर मिळायचा तो मिळतोच. मी फौजदारी टेबलावर बसून नेमका उलटा अनुभव घेतलाय. खटल्याचा निम्मा निकाल त्या दहा मिनिटांत ठरतो, फक्त तो लिहिला जातो चार-पाच वर्षांनी.

वकील असता तर त्याने पहिल्यांदा तिसऱ्या पोराचं वय विचारलं असतं. बेड्यावर जन्माची नोंद क्वचितच असते. तिथे आश्रमशाळेचं दाखल खारीज रजिस्टर आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढाच आधार. अठराच्या आतला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तो ठाण्याच्या कोठडीत एक रात्रही राहू शकत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वय कमी असल्याचा दावा कोर्टापुढे केव्हाही करता येतो, हे खरं. पण तोवर कोठडीतल्या रात्री होऊन गेलेल्या असतात.

मग त्याने अटकेची वेळ पाहिली असती. कागदावर अटक संध्याकाळची आहे. बेड्यावरचे लोक सांगतात, गाडी आदल्या पहाटे आली. खरं काय ते मला माहीत नाही. पण संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातले चोवीस तास कुठल्या घड्याळाने मोजायचे हा प्रश्न कुणीतरी उभं राहून विचारावा लागतो, तो आपोआप विचारला जात नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. हे नियम ठाण्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात. कागदावर सही कुणाची आहे हे मात्र वकीलच उलटून बघतो.

आणि मग अटकेची कारणं. यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागासाठी हा मुद्दा सोन्यासारखा आहे. अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत हे आधी काळा पैसा पांढरा करण्याच्या आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या खटल्यांत आलं, २०२३ आणि २०२४ साली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. तो खटला मुंबईतल्या वरळीच्या आलिशान गाडीच्या अपघाताचा. पण त्याचा खरा उपयोग आपल्याकडे आहे. आपल्या कोर्टात कोलामी बोलणारा पोडावरचा माणूस येतो, गोंडी बोलणारा येतो, तांड्यावरचा गोरमाटी बोलणारा येतो, बेड्यावरचा पारधी येतो. त्यांना आपल्या बाजारातली वऱ्हाडी येते. ‘सदर इसमाने संगनमत करून’ ही भाषा येत नाही, ती मलाही टेबलावर बसून शिकावी लागली. समजणारी भाषा म्हणजे कोणती, हे ठरवून घेण्याची संधी या तालुक्याइतकी कुठल्या कोर्टात असेल? मुंबईतल्या मोठ्या वकिलाने मिळवलेला निकाल इथे आपल्या हातात आयता आलाय, आणि आपण ठराव करून बसलोय.

शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग मागावे लागत नाहीत. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे तुरुंगातून पुन्हा ठाण्यात येण्याची टांगती तलवार दीड-दोन महिने राहते. अशा वेळी आरोपीचा वकील एकदा येऊन चालत नाही. पुढे साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, तो तोंडी मागितला तरी पुरतो, असं २०१७ मध्ये राकेशकुमार पॉल खटल्यात ठरलं. पण मागावा तर लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी चार्जशीट येऊन पडण्याआधी कुणीतरी दिवस मोजत असावं लागतं.

आता आपल्या ठरावाच्या कायदेशीर बाजूबद्दल. आपल्याला कायदा शिकवण्याची माझी पात्रता नाही, पण टेबलावर निकाल चाळायची सवय लागली ती लागली. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य, डिसेंबर २०१०. कोइम्बतूरच्या वकील संघाने असाच ठराव केला होता, आणि गंमत म्हणजे तिथे ज्यांचं वकीलपत्र घ्यायचं नव्हतं ते आरोपी पोलीस होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, असे ठराव बेकायदा आणि निरर्थक आहेत, वकिलांच्या परंपरेला लाज आणणारे आहेत. हा निकाल देशभरच्या जिल्हा वकील संघांपर्यंत पोहोचवा, असंही त्यात लिहिलंय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तर पूर्वीपासूनच आहे, की वकिलाने आपल्या योग्यतेची फी मिळत असेल तर आलेलं काम स्वीकारलं पाहिजे. नाकारायला विशेष कारण लागतं.

कसाबचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. मुंबईत वकील मिळेना, ज्यांची नेमणूक झाली त्यांच्या घरावर दगड आले. तरी त्याला वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन उभे राहिले, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करतानाच न्यायालयाने नियम घालून दिला: आरोपी पहिल्यांदा समोर आला की दंडाधिकाऱ्याने त्याला सांगायचं, तुला वकिलाचा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकार देईल. सुनावणीच्या टप्प्यावर वकील दिला नाही तर सगळा खटलाच कोलमडू शकतो. हे वाक्य मयताच्या पुतण्याने, म्हणजे आपल्या त्या सभासदाने, शांतपणे वाचावं अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. त्यांच्या काकांचे खरे मारेकरी हेच तिघे असतील, तर वकिलाविना झालेली कोठडी आणि कच्चा खटला यांचा फायदा शेवटी कुणाला होणार आहे? आणि हे तिघे नसतील, तर मारेकरी बाहेर फिरतोय आणि तपास संपलाय.

आपल्या बार रूममध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, बॅरिस्टरच्या काळ्या गाऊनमधला. ते १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मुंबईत वकिली सुरू केली. त्यांच्या वकिलीतले दोन खटले मला विशेष आठवतात. १९२६ मध्ये एका पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. पुण्यातलं वजनदार मत आरोपींच्या विरोधात, आणि बाबासाहेब आरोपींच्या बाजूने उभे. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक आरोग्यावर उघड लिहिणाऱ्या माणसाची बाजू घेणं तेव्हा कुणालाच परवडणारं नव्हतं. बाबासाहेबांनी घेतली, आणि ते तो खटला हरले. फोटोखाली हार घालताना हा हरलेला खटला आठवावा असं मला वाटतं.

आपल्याकडची पोरं आता समाजकल्याणच्या परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला कायदा शिकायला जातात. त्यातल्या एकाशी मध्यंतरी बोलणं झालं. तो सांगत होता, तिथे डाउटी स्ट्रीट चेंबर्स म्हणून बॅरिस्टरांचं कार्यालय आहे, १९९० मध्ये सुरू झालेलं, मानवी हक्क आणि नागरी स्वातंत्र्याच्या खटल्यांसाठीच नावाजलेलं. तिथले जेफ्री रॉबर्टसन जमैकातल्या फाशीच्या दोन कैद्यांसाठी प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे जमैकाची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठापुढे लढले, आणि १९९३ मध्ये निकाल झाला, की माणसाला पाच-पाच वर्षांहून जास्त फाशीच्या छायेत ठेवणं हीच अमानुष शिक्षा आहे. त्या एका निकालाने कॅरिबियन देशांतल्या कितीतरी कैद्यांच्या फाशीची जन्मठेप झाली. पोराच्या डोळ्यांत ते चेंबर्स भरलं होतं, आणि का भरू नये? पण मला त्याच्या बोलण्यातला दुसराच भाग जास्त कामाचा वाटला.

तिथे बॅरिस्टरला अशील निवडायची मुभा नाही म्हणे. टॅक्सीच्या रांगेचा नियम. आपल्या स्टँडवर काळी-पिवळीचा नंबर असतो, तसंच: ज्याचा नंबर लागला त्याने समोरची सवारी घ्यायची, तोंड पाहून नाही म्हणायचं नाही. काम आपल्या विषयातलं असलं, वेळ असला, फी ठीक असली की नकार नाही. याला तिथे मोठा इतिहास आहे. १७९२ साली थॉमस पेनवर राजद्रोही लिखाणाचा खटला झाला तेव्हा थॉमस अर्स्किन यांनी त्याचं काम घेतलं. ते युवराजांचे कायदा सल्लागार होते. ते पद गेलं. खटलाही हरले. तरी त्यांनी तेव्हा मांडलेला विचार, की वकिलानेच आरोपीला आधी दोषी ठरवलं तर न्यायाधीशाला काय उरलं, तो आजही आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सापडतो. वर लिहिलेल्या कोइम्बतूरच्या निकालात अर्स्किन आहेतच.

हा नियम मला आवडण्याचं कारण आदर्शाचं नाही, व्यवहाराचं आहे. नियम वरवर आरोपीसाठी असला तरी तो वकिलाला वाचवतो. लोक विचारतात, त्या खुन्याचं काम का घेतलं? बॅरिस्टर म्हणतो, माझा नंबर होता, मला नाही म्हणता येत नाही. विषय संपला. त्याची मतं, त्याची जात, त्याचा पक्ष, कशाचाच संबंध उरत नाही.

आपल्याकडे हाच संबंध जोडला जातो, आणि त्याची किंमत आपण विदर्भात चांगली पाहिली आहे. नागपूरचे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग वर्षानुवर्षं गडचिरोलीतल्या आदिवासी आरोपींची कामं करायचे. जून २०१८ मध्ये त्यांनाच अटक झाली, आणि खटला उभा न राहता वर्षांमागून वर्षं तुरुंगात गेली. त्यांच्यावरच्या आरोपांचा निकाल न्यायालय देईल, त्यावर मी बोलत नाही. पण त्यानंतर कितीतरी तरुण वकिलांनी अशी कामं नाकारली, हे आपल्याला माहीत आहे. आणि माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून चाललेला प्रा. साईबाबा यांचा खटला. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये सहा जणांना दोषी ठरवलं. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडलं, तो निकाल दिल्लीत अडला, आणि मार्च २०२४ मध्ये खंडपीठाने पुन्हा निर्दोष सोडलं. त्या सहांतला एक आदिवासी तरुण पहिल्या सुटकेच्या दीड-दोन महिने आधीच तुरुंगवासात मेला होता. तो निर्दोष ठरला, पण ते ऐकायला उरला नाही.

आता आपली अडचण. ती खोटी नाही. तालुक्याच्या वकिलाची चूल वाटणीचे दावे, धुऱ्याची भांडणं, चेकचे खटले, फेरफार आणि अपघाताच्या दाव्यांवर पेटते. ज्या गावातून ही कामं येतात त्याच गावाचा रोष पारध्याचं वकीलपत्र घेऊन ओढवायचा, आणि पारधी फी देणार ती हप्त्याने, दिली तर. नागपूरच्या वकिलाला गर्दीत लपता येतं. इथे संध्याकाळी पानठेल्यावर जावंच लागतं. म्हणूनच हे एकेका वकिलाच्या धाडसावर सोडू नये असं माझं म्हणणं आहे. संघ म्हणून आपण एकमुखाने ‘घेणार नाही’ म्हणू शकता, तर एकमुखाने ‘नंबराने घेऊ’ही म्हणू शकता. नंबर लावला की पानठेल्यावर द्यायला उत्तर तयार.

‘‘आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं काय?’’ हा प्रश्न सभेत येणार, तो रास्तच आहे. पण ठाण्याच्या आत काय झालं हे विचारणारा वकील फक्त आरोपीला लागत नाही. देसाईगंजचा १९७२ चा खटला घ्या. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता. ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्काराचा आरोप पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा झाला. त्या मुलीला आणि आज बेड्यावरून उचललेल्या पोराला लागणारा वकील एकाच जातकुळीचा आहे. खैरलांजीचंही तसंच. २००६ च्या त्या हत्याकांडात खुनाबद्दल शिक्षा झाली, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम मात्र भंडाऱ्याच्या कोर्टात टिकलं नाही. पहिल्या दिवसापासून फिर्यादीच्या शेजारी जाणकार वकील असण्यात काय फरक पडतो, याची चर्चा आपल्याच बार रूममध्ये तेव्हा किती दिवस चालली होती.

पारध्यांबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच चोर ठरवलेल्या या माणसांवरचा शिक्का १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायद्याने पुसला. चोरी झाली की गाडी पहिल्यांदा बेड्याकडे वळते, हे अजून आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बेड्यावरच्या माणसाला तो पर्याय नसतो, त्याला गाडीतून आणून चढवलं जातं. जामीन मिळाला तरी सात-बारा नाही, सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, देणारा जामीनदार नाही. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्यासाठी जामीनदार राहिलेला त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला, तेव्हा १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर ओढलेले ताशेरे आपल्याला पाठ असतील. तरीही आपल्या देशात तुरुंगातल्या चार माणसांमागे तीन कच्चे कैदी आहेत, आणि त्यात जमीन नसलेलेच जास्त सापडतील.

तर माझी सूचना. संघाने रिमांडच्या नंबराची यादी लावावी. रोज एक वकील, सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर होणाऱ्या रिमांडसाठीही एक. यादी वरिष्ठांपासून सुरू व्हावी. ज्युनिअरला पुढे करून वरिष्ठांनी दिवाणी कोर्टात बसायचं, असं होऊ नये. अशा खटल्यात पहिल्या दिवशी एखादे वरिष्ठ वकील उभे राहिले तर ठाणेदारापासून बेलिफापर्यंत सगळ्यांच्या बसण्यात फरक पडतो. ज्या सभासदाच्या नात्यातला मयत किंवा फिर्यादी असेल त्याचा नंबर त्या गुन्ह्यात आपोआप पुढे सरकावा, कारण विचारू नये. फीसाठी विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि कोठडीतला कुणीही माणूस, यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देणारा १९८७ चा कायदा आहे, आणि अटकेपासून रिमांडपर्यंत मदत कशी द्यायची याचा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा २०१९ चा आराखडाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आता पूर्णवेळ बचाव वकिलांची यंत्रणा आली, पण जिल्ह्याहून माणूस येईपर्यंत इथला पीसीआर होऊन गेलेला असतो.

दुभाष्यांचीही एक छोटी यादी लागेल. कोलामी, गोंडी, पारधी, गोरमाटी. आश्रमशाळांमधून शिकून आलेली, हाताशी काम नसलेली मुलं-मुली प्रत्येक पोडावर आणि बेड्यावर एक-दोन तरी सापडतील. कोर्टाच्या कामाची त्यांना दोन दिवस तोंडओळख करून दिली की झालं. त्यातली एखादी पुढे एलएलबीला गेली तर आपल्याच संघात येईल, आणि तिला अटकेच्या कारणांचं भाषांतर कुणाकडून करून घ्यावं लागणार नाही.

येत्या आमसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. ठराव मागे घेतल्याची प्रत विधी सेवा समितीकडे आणि ठाण्यात द्यावी, म्हणजे हजर करण्याआधी फोन कुणाला करायचा हे ठाण्याला कळेल. पेपरात छापायची गरज नाही, पहिला ठराव छापला होता तरी.

जाता जाता एक कामाचं. तिसऱ्या पोराच्या आईने आश्रमशाळेतून त्याचा दाखला आणला. तो अल्पवयीन असल्याचा अर्ज मी लिहून दिला आणि तिने तो स्वतः कोर्टात दिला. सुनावणी येत्या पेशीला आहे. त्या दिवशी आपल्यापैकी जे कुणी उभे राहणार असतील त्यांच्यासाठी दाखल्याची आणि दाखल खारीज रजिस्टरच्या उताऱ्याची साक्षांकित नक्कल माझ्याकडे आहे. मुन्शीला पाठवलं तरी चालेल.

आपला,
न्यायालयाचा एक निवृत्त कर्मचारी